अँड्रोमेडा : दुर्मीळ म्हणून नव्हे

मागच्या व्याख्यानानंतर एकाने विचारलं होतं की, ‘क्रीम’ फुटल्यावर तिघांचा बँड ही कल्पनाच संपली का? नाही संपली. नोव्हेंबर 1968मध्ये क्रीमने लंडनला निरोपाचा कार्यक्रम केला, आणि पुढच्याच वर्षी त्याच लंडनच्या ‘अँड्रोमेडा’ नावाच्या बँडचा पहिला अल्बम आरसीएने काढला. पहिला आणि शेवटचा. जॉन कॅन गिटारवर, मिक हॉक्सवर्थ बेसवर, इयन मॅक्लेन ड्रम्सवर.

हा अल्बम फारसा कुणी घेतला नाही. मग तो दुर्मीळ झाला, आणि मूळ तबकडीसाठी संग्राहक भरपूर पैसे मोजू लागले. माझी तक्रार इथेच आहे. दुर्मीळ म्हणून जो ऐकतो, त्याला सगळंच थोर वाटतं. आणि ज्याला या हौसेचा राग येतो तो म्हणतो, छे, क्रीमची नक्कल. दोघंही नीट ऐकत नाहीत.

तिघांच्या बँडची एक अडचण असते बघा. गिटारवाला सोलो वाजवायला लागला की खालची कॉर्ड्स जातात, भोक पडतं. क्रीम मंचावर ते भोक लांबलचक आशुवादनाने भरायचे. अँड्रोमेडा ते रचनेने भरतात. ‘टर्न्स टू डस्ट’, ‘रिटर्न टू सॅनिटी’, ‘व्हेन टू स्टॉप’ ही तिन्ही गाणी भागाभागांची आहेत, प्रत्येक भागाला वेगळं नाव. कंटाळा यायच्या आत वळण येतं. आणि हॉक्सवर्थचा बेस नुसती साथ करत नाही, तो गिटारशी बोलतो, कधी हुज्जतही घालतो. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा फक्त बेस ऐका.

‘रिटर्न टू सॅनिटी’मध्ये होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधला ‘मार्स’ येतो. पाचाची मोजणी, झपताल ऐकलेल्या आपल्या कानाला तिचं एवढं काही वाटत नाही म्हणा. पण गंमत अशी की, त्याच 1969मध्ये ‘किंग क्रिम्झन’ही मंचावर ‘मार्स’ वाजवत होते. म्हणजे ही मंडळी मागे पडलेली नव्हती. जड रॉक पुढे कुठल्या रस्त्याने जाणार, ते यांनाही दिसत होतं.

आता दोष. कॅनचा आवाज तोकडा आहे, जॅक ब्रूसचा भरदारपणा त्यात नाही. ध्वनिमुद्रणही मला अंगाने बारीक वाटतं. इतकं जोरकस वाजवूनही ड्रम्स लांबून आल्यासारखे. पण ‘आय कॅन स्टॉप द सन’ या हळू गाण्यात तोच तोकडा आवाज शोभतो, कारण तिथे त्याला कुणावर मात करायची नाही.

कॅन 1970मध्ये ‘अ‍ॅटॉमिक रूस्टर’मध्ये गेला. त्याने लिहिलेलं ‘डेव्हिल्स आन्सर’ पुढच्या वर्षी ब्रिटनच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. त्या गाण्यावरून मागे वळून अँड्रोमेडाकडे येणारे बरेच असतात, मीही तसाच आलो. आता ‘रिटर्न टू सॅनिटी’ लावतो. बोलणं थांबवतो, ऐकू या.