हवामान-कादंबरीत भांडी कोण घासतं?

हवामान बदल आणि साहित्य यावर प्रपोजल लिहायचं म्हटलं की हल्ली किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर' (2020) ही कादंबरी येतेच. येऊ द्या, महत्त्वाची आहे ती. फक्त 'ही कादंबरी भविष्यातलं रोजचं जगणं दाखवते' असं वाक्य टाकण्याआधी एवढं बघा, की कोणाचं जगणं?

सुरुवात उत्तर प्रदेशातल्या एका लहान शहरात होते. हवा इतकी तापलेली आणि दमट की अंगावरचा घाम वाळत नाही. वीज जाते. लोक तळ्यात जाऊन बसतात, तर तेही पाणी गरम. बहुतेक सगळे मरतात. 'वेट बल्ब' तापमान 35 अंशांवर गेलं की सावलीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो, हे विज्ञान रॉबिन्सन अंगावर येईल असं लिहितात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे सगळं आपण पाहतो ते फ्रँक मे या अमेरिकन मदत कार्यकर्त्याच्या डोळ्यांनी. मेलेल्या माणसांचा आपल्याला आकडा कळतो, 2 कोटी. लाट येण्याआधी त्यांचा दिवस कसा जायचा, पाणी कोण भरायचं, हे कळत नाही.

मग कथा झुरिकला जाते आणि तिथे मात्र रोजचा दिवस आहे! मंत्रालयाची प्रमुख मेरी मर्फी ट्रामने फिरते, बैठकांना कंटाळते, तळ्यात पोहते. तळं दोन्हीकडे आहे, हे मुद्दाम टिपून ठेवा. भारत पुढेही येतो, पण सूर्यप्रकाश अडवायला आकाशात कण फवारणारा, राजकारण नि शेती बदलणारा देश म्हणून. घर म्हणून नाही. अपवाद निर्वासितांच्या छावणीतल्या प्रकरणांचा. तिथलं नुसतं वाट बघणं फार खरं उतरलंय, आणि मला विचाराल तर पुस्तकातला सर्वांत चांगला भाग तोच.

हे वाचायला थिअरी हवी असेल तर एलिझाबेथ शोव्ह यांचं 2003 चं 'कम्फर्ट, क्लीनलिनेस अँड कन्व्हीनियन्स' घ्या. किती वेळा अंघोळ करायची, खोली किती थंड हवी, असलं जे आपण 'नॉर्मल' धरतो ते काळानुसार घडत जातं, असा त्यांचा मुद्दा. त्याला आपल्याकडची माहिती जोडा. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या बिनपगारी कामाला, ते करणाऱ्यांमध्ये, बायकांचे दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात आणि पुरुषांचे 97. पाणी आटलं तर वाढीव मिनिटं कोणाच्या खात्यावर पडणार? 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली. वॅगनचे फोटो सगळ्यांच्या लक्षात आहेत. टँकरपासून ओट्यापर्यंत पाणी कोणी वाहिलं, ते कुठल्या फोटोत शोधायचं?

व्हायव्हामध्ये हमखास विचारतील, 'जागतिक संस्थांवरच्या कादंबरीकडून स्वयंपाकघराची अपेक्षा का?' प्रश्न योग्यच आहे. उत्तर पुस्तकातच सापडतं: मेरीसाठी लेखकाने पोहायलाही जागा काढली आहे.