पेटाऱ्यावरची वेल

नाताळच्या सुट्टीत आम्ही डेकोराला जातो असं सांगितलं की मराठी मंडळातल्या मित्रांचा प्रश्न ठरलेला: "फ्लोरिडाला का नाही?" प्रश्न रास्त आहे. मिनेसोटातल्या रॉचेस्टरच्या थंडीतून निघायचं, हायवे 52 धरून सव्वा-दीड तास दक्षिणेला जायचं आणि आयोवात तितक्याच थंडीत उतरायचं, यात शहाणपणा तो काय? पण मुलं लहान होती तेव्हापासून हे चालत आलंय. आता ती कॉलेजात गेली, तरी डिसेंबर लागला की आपणहून विचारतात, "यंदा कधी निघायचं?"

डेकोरा हे साडेसात हजार वस्तीचं गाव. मिडवेस्ट म्हटलं की मक्याची सपाट शेतं डोळ्यांसमोर येतात, हा कोपरा मात्र तसा नाही. हिमयुगाच्या शेवटच्या फेरीत हिमनद्या इकडे फिरकल्याच नाहीत, म्हणून इथल्या टेकड्या शाबूत राहिल्या. चुनखडीचे कडे, गोठता गोठता थांबलेले झरे आणि त्यांच्यामधून वळणं घेत जाणारी अप्पर आयोवा नदी. 1850 च्या सुमारास इथे नॉर्वेजियन शेतकरी येऊन स्थिरावू लागले. त्याआधी 1825 साली स्टाव्हांगर बंदरातून एका लहानशा गलबतात बसून पन्नासएक माणसं अमेरिकेला निघाली होती. पुढच्या शंभर वर्षांत त्यांच्या मागोमाग आठ लाखांवर माणसं आली. आयर्लंड वगळता युरोपातल्या दुसऱ्या कुठल्या देशाने लोकसंख्येच्या मानाने इतकी माणसं अमेरिकेला दिली नाहीत, असं म्हणतात.

आपण दोन सूटकेसा घेऊन आलो, ते पेटारे घेऊन आले. गावातल्या वेस्टरहाइम संग्रहालयात हे पेटारे ओळीने मांडलेले आहेत. भक्कम लाकूड, लोखंडी पट्ट्या, दर्शनी बाजूला मालकाचं नाव आणि साल, आणि नावाभोवती वळत, वेटाळत जाणारी पानाफुलांची वेल. या रंगकामाला रोझमालिंग म्हणतात. मुलांना मात्र त्या संग्रहालयात सगळ्यात आवडायची ती 1933 साली अटलांटिक ओलांडून आलेली पंचवीस फुटी होडी. पेटाऱ्यांपाशी मी रेंगाळले की ती दोघं कंटाळून होडीकडे पळायची.

रोझमालिंग सुरू झालं अठराव्या शतकात, नॉर्वेच्या दऱ्याखोऱ्यांत. शहरातल्या चर्चमध्ये बरोक आणि रोकोको थाटाची वळणदार नक्षी आली होती. ती पाहून खेड्यातल्या माणसांनी ती आपल्या हाताने, आपल्या रंगांत पेटारे, कपाटं, वाडगे, भिंती यांच्यावर उतरवली. रंगवणारे बहुतेक गरीब, जमीन नसलेले. ते एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जायचे आणि जेवणखाण, निवारा व थोड्याफार पैशांवर घर रंगवून द्यायचे. प्रत्येक खोऱ्याचा हात वेगळा. तेलेमार्कची वेल एका अंगाला झुकलेली, मनमोकळी, पातळ रंगातून खालचा थर दिसू देणारी. हालिंगदालची ठसठशीत, मधोमध मोठं फूल आणि दोन्ही बाजू सारख्या. रोगालांडचं काम काळसर जमिनीवर, फुलं नीट तोलून बसवलेली, अधेमधे जाळी. थोडी नजर बसली की पेटारा कुठल्या खोऱ्यातून आला ते नाव न वाचता ओळखता येतं, आणि त्यात फार मजा असते.

आता खरी गोष्ट. पेटारे घेऊन आलेल्या माणसांनी इथे ही कला जपली, असा आपला समज असतो. जपली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खुद्द नॉर्वेतच ती मागे पडत चालली होती, आणि इथे येऊन जंगल तोडायचं, शेत लावायचं, थंडीत जिवंत राहायचं, यातून कुणाला वेल रंगवायची सवड होती? कित्येक पेटारे पुढे धान्य नाहीतर जुने कपडे ठेवायला माळ्यावर गेले. स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीवर सगळं रक्षण केल्याचं श्रेय लादायची आपल्याला सवय आहे. पहिली पिढी बिचारी पोटाच्या मागे असते.

कला परत आली ती एका गाडीकारखान्यातून. पेर लिस्ने हा नॉर्वेतल्या लेर्दालचा माणूस, बाप रोझमालिंग करणारा. 1907 साली तो विस्कॉन्सिनमधल्या स्टाउटन गावी आला आणि घोडागाड्या बनवणाऱ्या मांट कंपनीत गाड्यांवर रेघा आणि नक्षी काढायच्या कामाला लागला. मोटारी आल्या, घोडागाड्या गेल्या, मग मंदी आली. हाताला काम उरलं नाही, तेव्हा त्याने बापाची विद्या बाहेर काढली आणि लाकडी ताटं रंगवून विकायला सुरुवात केली. त्याची ताटं बघून आसपासच्या बायकांनी घरच्या पेटाऱ्यांवरची धूळ झटकली. 1947 साली लिस्ने गेला तोवर विस्कॉन्सिनात रोझमालिंग करणारे हात तयार होऊ लागले होते.

पुढचं काम वेस्टरहाइमने केलं. या संग्रहाची सुरुवात 1877 ची, डेकोराच्या लूथर कॉलेजातली. पण जुन्या वस्तू काचेआड ठेवून ते थांबले नाहीत. 1967 मध्ये त्यांनी सिग्मुंड ऑरसेट या चित्रकाराला नॉर्वेहून शिकवायला बोलावलं आणि देशभरातल्या रोझमालिंगचं प्रदर्शन व स्पर्धा भरवली. स्पर्धेत फिती मिळवत जायचं, गुण साठत गेले की सुवर्णपदक. हे पदक मिळवायला वर्षं जातात. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती परीक्षक. तेलेमार्क म्हणून केलेलं काम तेलेमार्कच्या रीतीत बसतं का, रेघ जिवंत आहे का, रंगसंगती जुळली का, हे ते बघतात. 'आजोबांच्या आठवणीसाठी केलंय' म्हणून गुण वाढत नाहीत.

सावंतवाडीतही असंच घडलं. गंजिफाचे पत्ते रंगवणारे चितारी जवळजवळ संपले होते. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी उरलेल्या म्हाताऱ्या चिताऱ्याकडून कला समजून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. तिथे राजवाडा होता, इथे संग्रहालय. दोन्हीकडे शिकवणारा हात वेळेत गाठला म्हणून निभावलं.

आम्ही उतरतो ते एका आजींकडे. माझ्या नवऱ्याच्या जुन्या सहकाऱ्याची ही आई, निवृत्त शिक्षिका. नाताळच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसते. लोखंडी साच्यात भाजून गरम असतानाच शंकूवर गुंडाळायचं क्रुमकाके, तेलात साचा बुडवून तळलेल्या रोझेट आणि लेफ्सा. लेफ्सा म्हणजे उकडलेला बटाटा, लोणी, साय आणि मैदा मळून लाटलेली कागदासारखी पातळ पोळी. लाटणं खाचांचं, पोळपाटावर कापड ताणून बसवलेलं, आणि पोळी उचलायला हातभर लांब चपटी काठी. एका नाताळला सासूबाई सांगलीहून आलेल्या होत्या. दोन लेफ्सा लाटून होईपर्यंत त्या नुसत्या बघत राहिल्या, मग काही न बोलता त्यांनी लाटणं हातात घेतलं. आजींना मराठी येत नाही, सासूबाईंना इंग्रजी. संध्याकाळी आजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "या पुढच्या वर्षी येतील ना?"

लुटफिस्कबद्दल मी फारसं लिहीत नाही. वाळवलेला कॉड क्षारात भिजवून, पुन्हा पाण्यात सोडून, थुलथुलीत झाला की शिजवायचा आणि वर वितळलेलं लोणी ओतायचं. सुक्या बोंबलावर वाढलेल्या माझ्या नवऱ्यानेही त्यापुढे हात जोडले.

नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत आजींच्या लहानपणी 'यूलबुक' निघायचे. जुने कोट, मुखवटे, बायकांचे कपडे घातलेले पुरुष. शेजाऱ्यांच्या दारात जायचं, आवाज बदलून बोलायचं, घरच्यांनी ओळखायचं आणि ओळखलं की खायला द्यायचं. मुलांच्या हट्टापायी आम्हीही एकदा सोंगं काढली. डेकोरात आम्हाला ओळखायला हातमोजे काढेपर्यंतही कुणी थांबलं नाही.

दुपारी मात्र स्वयंपाकघर बंद आणि खिडकीजवळचं टेबल उघडं. साडेचारला अंधारतं, म्हणून आजींकडचं रोझमालिंग त्याआधी. बाहेर बर्फ इतका पांढरा की खोलीत दिवा लावावा लागत नाही. ताट हलक्या पांढरट लाकडाचं, आधीच गडद हिरवा हात देऊन पॉलिश पेपरने घासून ठेवलेलं. चपट्या ब्रशच्या एका कडेला निळा तैलरंग, दुसऱ्या कडेला पांढरा, थोडं जवसाचं तेल. करंगळी ताटावर टेकवायची, मनगट आखडायचं नाही, हात खांद्यापासून ओढायचा आणि अर्धगोल फराटा एका दमात काढायचा. सुरुवातीला ब्रश कडेवर, मधे दाबून रुंद, शेवटी हलकेच उचलून निमुळता. दोन रंग ब्रशखालीच एकमेकांत मुरतात आणि पानाला आपोआप उजेड-सावली येते. फराटा मधेच थांबला की थांबलेलं दिसतं, वरून डागडुजी केली की तीही दिसते. म्हणून आजी चिंधीला टर्पेंटाइन लावून तो पुसतात आणि म्हणतात, "पुन्हा." या देशात पोराने सरळ रेघ मारली तरी "गुड जॉब" म्हणतात. आजी म्हणत नाहीत. आमच्या लेकीला याच गोष्टीने खिळवून ठेवलं. तिसऱ्या हिवाळ्यात कधीतरी आजी तिच्या ताटाकडे बघून काहीच बोलल्या नाहीत, पुसलंही नाही, तेव्हा ती पोरगी हरखून गेली.

जुलै महिन्यात डेकोराला नॉर्डिक फेस्ट भरतो, गावात गर्दी लोटते, स्पर्धेतली ताटं मांडली जातात, फिती लागतात. पाहुणे ती ताटं बघून उत्सवाचं कौतुक करतात. पण त्यातली बरीचशी ताटं जानेवारी-फेब्रुवारीत रंगवलेली असतात, बाहेर उणे वीस असताना, फावडं मारून गाडीची वाट मोकळी केल्यानंतरच्या दुपारी. इथल्या लोकांनी हिवाळ्याला नावं ठेवण्यापेक्षा त्याला कामाला लावलं, हे मला त्यांच्या कलेइतकंच आवडतं. आणि एक. आजकाल रोझमालिंग शिकणाऱ्यांत नॉर्वेशी काडीचंही नातं नसलेली माणसं असतात. त्यांना कुणी आडनाव विचारत नाही.

आपल्या मंडळाचा हिवाळा कसा जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला की पाडव्यापर्यंत हॉलला कुलूप. नाटकं, गाणी, ढोल-ताशा यांत आपण मागे नाही, पण हाताची एकही कला आपण इथे नीट शिकवलेली नाही. रांगोळीची स्पर्धा होते, तीत भाग घेणाऱ्या प्रत्येकाला बक्षीस मिळतं आणि पुढच्या वर्षी रांगोळी तिथल्या तिथेच असते. तेव्हा नव्या कार्यकारिणीला विनंती: येत्या फेब्रुवारीत एक वर्ग सुरू करा. वारली असो, कशिदा असो, गंजिफा असो. शिकवणारी व्यक्ती पक्क्या हाताची बघा, लागलं तर तिकीट काढून महाराष्ट्रातून बोलवा, आणि चुकीला चूक म्हणायची तिला मुभा द्या. शेजारपाजारच्या अमराठी लोकांनाही जागा ठेवा. आमच्या घरातली दोन नावं यादीत आत्ताच लिहून घ्या.