निष्ठेची परीक्षा आणि पाण्याचा घोट

'ख्रिस्ती श्रद्धा आणि राष्ट्र' हा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा ठरलेल्या वळणानं जाते. एक जण शाळा-दवाखान्यांची यादी वाचतो, दुसरा धर्मांतराचे आकडे मागतो. पहिल्याला वाटतं आपण प्रशस्तिपत्र दिलं, दुसऱ्याला वाटतं आपण आरोपपत्र ठेवलं. त्या श्रद्धेला स्वतःला काय म्हणायचंय, हे मात्र दोघंही ऐकत नाहीत. आज नागपूरशी नातं असलेले तीन आवाज समोर ठेवतो. एक सरकारी अहवाल, एक कवी, आणि एक बाई.

अहवालापासून सुरुवात करू. १९५४ साली, नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना, सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अहवाल १९५६ मध्ये आला. त्याची मुख्य चिंता निष्ठेची आहे. परदेशी पैसा, परदेशी माणसं, आणि त्यामुळे धर्म बदलणाऱ्याचं मन देशापासून सुटेल ही भीती. शिफारशींत एक अशी आहे की भारतातल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी परदेशी मदतीवर न विसंबता एक स्वतंत्र, संयुक्त चर्च उभारावं.

आता गंमत बघा. ही वाट एका मराठी कवीनं एकोणचाळीस वर्षं आधीच धरली होती. नारायण वामन टिळक नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते, इथेच त्यांनी 'ऋषी' मासिक चालवलं. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवाशानं त्यांच्या हाती बायबल ठेवलं. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि १९१७ मध्ये याच माणसानं मिशनचा पगार सोडला, साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही ख्रिस्ताचे भक्त म्हणून एकत्र यावेत, ही त्यामागची कल्पना. सरकारनं सांगायच्या कितीतरी आधी, श्रद्धेच्याच पोटातून ती निघाली होती. टिळकांना परकेपणा बोचला तो देशासाठी जितका, तितकाच ख्रिस्तासाठी. उसन्या कपड्यातला ख्रिस्त आपल्या माणसाला ओळखू कसा येणार?

म्हणून त्यांनी अभंग घेतला, ओवी घेतली, कीर्तन घेतलं. हे फार मोठं काम आहे. पण समीक्षा करायची तर पुढचंही बोललं पाहिजे. टिळक मातृभूमीविषयी लिहितात तेव्हा मला त्यांच्यात एक घाई दिसते. मी तुमचाच आहे, हे पटवून देण्याची घाई. ती समजण्यासारखी आहे; घरदार, जात, गोत सगळं तुटलेला माणूस आहे तो. तरी अशा जागी श्रद्धा राष्ट्राला काही विचारत नाही, नुसती ओवाळते. शिवाय ज्या संतपरंपरेचा पूल त्यांना मिळाला, तो सगळ्यांना सारखा मिळाला नव्हता. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार-मांग समाजातले होते. त्यांना गावाची विहीर बंद, देऊळ बंद. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न उलटा होता: मी देशाचा आहे का, हे नंतर बघू, देशानं मला आपलं कधी धरलं?

हा प्रश्न मराठी गद्यात ज्या सरळपणे लक्ष्मीबाई टिळकांनी हाताळला, तसा फार थोड्यांनी. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' येऊ लागलं. त्यात राष्ट्राच्या नावानं व्याख्यान नाही. नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून वर्षानुवर्षं वेगळी राहिलेली, सोवळंओवळं कडक पाळणारी ही बाई एके दिवशी स्वतःलाच विचारते की जात देवानं केली की माणसानं? आणि उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचं पाणी प्यायला तयार होते. तिचा बाप्तिस्मा १९०० सालचा. पण माझ्या मते तिचं खरं धर्मांतर या पाण्याच्या घोटात आहे. तिथे निष्ठेचा पुरावा कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. फक्त एक भिंत पडते. राष्ट्र म्हणजे एकमेकांच्या हातचं पाणी चालणारी माणसं, अशी व्याख्या केली तर 'स्मृतिचित्रे' हे मला टिळकांच्या देशभक्तीच्या कवितांपेक्षा जास्त राष्ट्रीय पुस्तक वाटतं.

आता कोणी म्हणेल, लबाडी, आमिष, जबरदस्ती होतच नाही का? होत असेल तिथे कायदा आहेच, असायलाही हवा. मध्य प्रदेशानं १९६८ मध्ये तसा कायदा केला आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो वैध ठरवला. पण फसवणुकीची चौकशी वेगळी आणि मनाची झडती वेगळी. अहवालात या दोन्हींची सरमिसळ होते, ही माझी त्याच्याविषयीची मुख्य तक्रार. गरीब माणूस धर्म बदलतो तेव्हा त्याला स्वतःचं कारण असू शकतं, हे गृहीतच धरलं जात नाही. ज्या वर्षी अहवाल आला, त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला, याच शहरात, डॉ. आंबेडकरांसोबत लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांना कोणी फसवलं होतं? माणूस मान मागत असतो, मित्रहो.

पण ही फूटपट्टी चर्चलाही लागते, तिथे सूट नाही. पाण्याचा घोट घेऊन आत आलेल्याला आतही जात भेटली असेल, तर लक्ष्मीबाईंचं पुस्तक तिथल्या वेदीवरूनही वाचलं पाहिजे. आणि राज्यालाही ती लागते. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात पुढे शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती मात्र आजही बाहेर आहेत. बाप्तिस्म्यानं जात जाते, असं मानायला सरकार तयार आहे. गाव तयार आहे का, हे कोणी विचारत नाही.

तेव्हा 'राष्ट्राला या श्रद्धेनं काय दिलं' असं विचाराल, तर मी शाळांची यादी देणार नाही. तिनं आपल्याला एक अवघड प्रश्न दिला, आणि तो शुद्ध मराठीत दिला. त्याचं उत्तर अजून आपल्याकडे थकलेलं आहे.