कोरा, पण कोरा नव्हे

मालीच्या तुमानी दियाबाते यांचा ‘कायरा’ (१९८८) हा ध्वनिसंग्रह भिलाईत मी ज्यांना ज्यांना ऐकवला, त्यांनी एकच विशेषण वापरले: ध्यानमग्न. विशेषण चुकीचे नाही. अर्ध्या भोपळ्यावर ताणलेले गाईचे कातडे, २१ तारा, वाजवायला दोन अंगठे आणि दोन तर्जन्या. एवढ्यावर तुमानी खर्ज, साथ आणि मुख्य धून एकट्याने सांभाळतात. खालचे आवर्तन, ज्याला मांडिंका लोक ‘कुंबेंगो’ म्हणतात, किंचित बदलत पुन्हापुन्हा येते. त्यावरून ‘बिरिमिंतिंगो’च्या ताना झरझर उतरतात. आपला तानपुरा गायकाला स्थिर जमीन देतो. इथे जमीनच हलत असते. म्हणून ही शांतता मला कधी पेंगुळलेली वाटली नाही.

मला, अनुवादक म्हणून, खटकते ते पुढचे वाक्य: ‘शब्दच नाहीत, मग भाषेची अडचण नाही.’ मराठीत कोरा म्हणजे काही न लिहिलेला. हे वाद्य तसे नाही. ते पिढीजात जलींचे; वंशावळी, स्तुती आणि सुंजाताची गाथा सांगणाऱ्यांचे. ‘कायरा’ म्हणजे शांती, पण ही धून तुमानींचे वडील सिदिकी यांच्याशी आणि महायुद्धानंतरच्या वसाहतविरोधी तरुण चळवळीशी जोडलेली आहे. आपण डोळे मिटतो तिथे मालीतल्या जाणत्या श्रोत्याला इतिहास आठवू शकतो.

हे समजायला भिलाईकराला दूर जायला नको. जवळच्या गनियारीच्या तीजनबाईंच्या हातातला तंबुरा पंडवानीत क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. शेजारी रागी हुंकार भरतो, मध्येच प्रश्न टाकतो. मांडे कथनातही एक साथीदार ‘नामू’ म्हणत राहतो, आपल्या पोवाड्यातल्या झीलकऱ्यासारखा. ध्यानाला एकांत चालतो. या कलांना होकार देणारा माणूस लागतो. उद्या कोणी तीजनबाईंच्या तंबुऱ्याची तेवढी तार वेगळी काढून ‘छत्तीसगढची ध्यानधून’ म्हणून विकायला ठेवली, तर दुर्गच्या बाजारातही लोक हसतील.

तुमानींनी स्वतःच शब्द बाजूला ठेवले, हा आक्षेप मला मान्य आहे. पण गाथा पाठ असलेल्याने गप्प राहणे आणि ती कधीच न ऐकलेल्याने गप्प ऐकणे, या दोन वेगळ्या शांतता आहेत. म्हणून ‘कायरा’नंतर मी मालीचेच गायक कासे मादी दियाबाते लावते. त्यांची भाषा मला येत नाही. तरी गळा सुरू झाला की कोरा ताना आवरून मुकाट आवर्तनावर परततो, ते कळते.