दहाव्या दुरुस्तींतील एक प्रक्षेप

मूळ प्रतींत नसलेला शब्द पुढील प्रतींत आढळला कीं आपण लेखनिकास दोष देतों. परंतु प्रक्षेप न्यायासनावरून झाला असेल तर? अमेरिकेच्या राज्यघटनेंतील दहाव्या दुरुस्तीसंबंधानें असा प्रकार घडलेला आहे.

१७८१ सालीं अमलांत आलेल्या संघकराराच्या दुसऱ्या कलमान्वयें, काँग्रेसला 'स्पष्टपणें' दिलेले नसतील ते अधिकार घटक राज्यांकडे राहत. १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीचा आशय बहुतांशीं तोच. 'स्पष्टपणें' हा शब्द मात्र तींत नाहीं. हा हस्तदोष नव्हे. १७८९ च्या ऑगस्टांत प्रतिनिधिसभेंत टकर यांनीं तो शब्द घालण्याची सूचना आणली. कांहीं अधिकार गर्भितार्थानें मानल्यावांचून कोणतेंही सरकार चालणार नाहीं, अशा आशयाचा विरोध मॅडिसन यांनीं केला. (दिवसा न जेवणाऱ्या लठ्ठ देवदत्ताची अर्थापत्ति ज्यांनीं घोकली आहे त्यांस हें नवें नाहीं.) सूचना पडली. तीन दिवसांनीं गेरी यांनीं ती पुन्हां मांडली. तेव्हां १७ विरुद्ध ३२ मतांनीं ती फेटाळली गेली. १८१९ च्या मॅक्‌कुलॉक खटल्यांत मुख्य न्यायाधीश मार्शल यांनीं ह्याच अभावावर बोट ठेविलें.

असें असतां १९१८ सालीं हॅमर विरुद्ध डॅगेनहार्ट ह्या खटल्यांत न्यायमूर्ति डे यांनीं, मध्यवर्ती सरकारास 'स्पष्टपणें' न दिलेले अधिकार राज्यांस व लोकांस राखलेले आहेत, असें लिहिलें. तें अवतरण नसून भावार्थ आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस हा बचाव मान्य नाहीं. सभेनें दोनदां नाकारलेला शब्द भावार्थाच्या आडून आंत घेतां येत नाहीं. निकालाचा मुख्य आधार व्यापारविषयक कलमाचा संकुचित अर्थ हा होता, हें खरें. पण त्या अर्थास बळ आलें तें ह्या पाठानें. चौदा वर्षांखालील मुलें राबविणाऱ्या कारखान्यांचा माल परराज्यांत पाठविण्यास बंदी घालणारा १९१६ चा कायदा ५ विरुद्ध ४ मतांनीं रद्द ठरला. वादी होता नॉर्थ कॅरोलिनांतील एका कापडगिरणींत काम करणाऱ्या दोन मुलांचा बाप.

शब्द गाळला म्हणजे मर्यादाच काढली, असें मानणारेही आम्हांस तितकेच चुकलेले वाटतात. पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमांत घटनाकारांनीं काँग्रेसचे अधिकार एकेक करून मोजून दिले. मर्यादा त्या गणनेंतच आहे.

१९४१ सालीं डार्बी खटल्यांत न्यायालयानें तो निकाल एकमतानें मोडीत काढला. तोंवर तेवीस वर्षें प्रक्षिप्त पाठ प्रमाण म्हणून चालला होता.