दीर्घोत्तरी प्रश्नाचे वाचन : क्रियापद, गृहीतक आणि तुलना

साहित्याच्या अध्यापनात दीर्घोत्तरी प्रश्न हा नित्य वाचला जाणारा, पण क्वचितच अभ्यासविषय होणारा मजकूर आहे. १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, तेव्हा त्यांचे प्रमुख कार्य अध्यापन नसून परीक्षा घेणे हे होते. साहित्यविचाराला प्रश्नपत्रिकेची चौकट आरंभापासूनच लाभली, ती अशी. तरीही प्रश्न समजणे म्हणजे त्यातील विषय ओळखणे, एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. मर्ढेकरांचे नाव दिसताच त्यांच्याविषयी पाठ असलेले सर्व काही उत्तरपत्रिकेत उतरते. प्रश्नाने नेमके काय करावयास सांगितले आहे, हे बाजूला राहते.

विषयाखेरीज प्रश्नात आणखी दोन घटक असतात : आज्ञार्थी क्रियापद आणि अध्याहृत गृहीतक. पुढील तीन प्रश्न नमुन्यादाखल पाहता येतील. ‘मर्ढेकरांच्या कवितेवरील एलियटचा प्रभाव स्पष्ट करा’. ‘मर्ढेकर व एलियट यांच्या कवितेची तुलना करा’. ‘मर्ढेकरांची नवता एलियटच्या प्रभावातून आली, या विधानाची चर्चा करा’. विषय एकच, अपेक्षित कृती मात्र भिन्न आहेत. पहिल्या प्रश्नात प्रभाव सिद्ध मानलेला आहे. ‘द वेस्ट लँड’ (१९२२) पासून ‘काही कविता’ (१९४७) पर्यंतचे पुरावे गोळा करणे एवढेच विद्यार्थ्याच्या हाती उरते. दुसऱ्या प्रश्नाला प्रभावाची गरज नाही. महानगर, यांत्रिकता आणि श्रद्धा यांचा दोन कवींनी घेतलेला अनुभव समोरासमोर ठेवता येतो, आणि मर्ढेकरांनी योजलेले अभंग-ओवीचे रूप हा निर्णायक भेदही पुढे येतो. तिसऱ्यात विधानच कसोटीला लागते; ते स्वीकारणे, नाकारणे वा मर्यादित करणे या तिन्ही वाटा खुल्या असतात.

पहिल्या प्रश्नामागे प्रभावाभ्यासाला प्राधान्य देणारी फ्रेंच परंपरा आहे. दुसरा, रेने वेलेक यांनी १९५८ साली त्या परंपरेवर घेतलेल्या आक्षेपांनंतरच्या भूमिकेला जवळचा आहे. तौलनिक साहित्याभ्यासातील पद्धतिविषयक वाद अशा रीतीने एका क्रियापदात सामावलेला असतो.

बहुभाषिक वर्गात हा गुंता वाढतो. मराठीत ‘परामर्श घ्या’ म्हणजे साकल्याने विचार करा. हिंदीत ‘परामर्श’ म्हणजे सल्ला. मराठी प्रश्नातील ‘चिकित्सा’ म्हणजे बारकाईची तपासणी. हिंदी वाचकाला त्या शब्दातून प्रथम औषधोपचार आठवतो. बंगालीत ‘आलोचना’ म्हणजे चर्चा, तर हिंदीत तोच शब्द समीक्षेचा वा दोषदर्शनाचा वाचक आहे. तत्सम शब्दांच्या या फसव्या साधर्म्यामुळे हिंदी वा बंगाली शाळेतून आलेला विद्यार्थी विषय जाणूनही प्रश्न चुकवू शकतो. त्याचे गुण जातात ते साहित्याच्या अज्ञानामुळे नव्हे, तर परीक्षेच्या परिभाषेची त्याला कोणी ओळख करून न दिल्यामुळे.

येथे जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची मानता येणार नाही. प्रभाव मुळातच अमान्य असणाऱ्याला ‘स्पष्ट करा’ हा आदेश वावच ठेवत नाही. अशा वेळी प्रश्नातील गृहीतक प्रथम उघड करून, ते कोणत्या मर्यादेपर्यंत टिकते हे दाखवणारे उत्तर अधिक प्रामाणिक ठरते. परंतु आदर्श उत्तरात केवळ साम्यांचीच यादी असेल, तर परीक्षक त्याला विषयांतर म्हणून बाद करण्याचा संभव असतो. तुलना शिकवणाऱ्या विभागाने मतभेदाचे उत्तर दंडनीय ठरवणे, हे त्या विद्याशाखेच्या प्रयोजनाशीच विसंगत आहे. म्हणून प्रश्नकर्त्याने क्रियापद निवडताना त्याला कोणती बौद्धिक कृती अभिप्रेत आहे आणि कोणते विधान तो न सांगता मान्य करून घेत आहे, हे गुणदान-निर्देशांत नोंदवणे अगत्याचे ठरते.