प्लेसमेंटच्या आकड्याचा छेद कुठे आहे?

एमपीएच करणाऱ्या, किंवा एम.एस्सी. करून सार्वजनिक आरोग्याकडे वळू पाहणाऱ्या मुलांसाठी दरवर्षी ‘करिअर मार्गदर्शन’ सत्रं होतात. आज त्यांच्याबद्दल लिहितोय. एखाद्या पेपरचं परीक्षण करतो ना, तसं. पेपर हातात आला की आपण विचारतो: नमुना कुठून घेतला, छेद काय, मध्येच गळाले किती, पैसा कुणाचा. हे प्रश्न आपल्याला शिकवणारी मंडळीच बहुतेक वेळा ही सत्रं घेतात. पण त्यांच्या स्वतःच्या स्लाइडवर हे प्रश्न दिसत नाहीत.

सत्र कुठलंही असो, साचा एकच. आधी लोगोंची स्लाइड: डब्ल्यूएचओ, युनिसेफ, वर्ल्ड बँक, मग दोन-तीन मोठ्या कन्सल्टन्सी. खाली ओळ, ‘आमचे विद्यार्थी इथे आहेत.’ मग एकमेकांत गुंतलेली वर्तुळं: तुम्हाला काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवंय. मग लिंक्डइन, सीव्ही, ‘नेटवर्किंग करा’. शेवटी एक माजी विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी येऊन आपला प्रवास सांगते. यातलं काहीही खोटं नसतं, आणि म्हणूनच त्यावर टीका करणं अवघड जातं.

लोगोंच्या स्लाइडपासून सुरुवात करू. लग्नाच्या जेवणातून विषबाधा झाली, चाळीस जण आजारी पडले, एवढंच सांगितलं तर साथरोगशास्त्राच्या पहिल्या तासाला बसलेला मुलगाही विचारतो, ‘जेवले किती होते?’ पन्नास जेवले असतील तर एक गोष्ट, हजार जेवले असतील तर दुसरी. लोगोंच्या स्लाइडला हाच प्रश्न लागू होतो. तीन जण डब्ल्यूएचओत गेले हा अंश झाला. किती बॅचमधले तीन? त्यांतले वैद्यकीय पदवीवाले किती? कायम पदावर किती, सहा महिन्यांच्या करारावर किती? आणि पास होऊन दीड वर्ष झालं तरी अजून अर्जच भरणारे किती? त्यांचा लोगो नसतो, त्यामुळे ते स्लाइडवर येत नाहीत. पाठपुराव्यात हरवलेल्या रुग्णांना आपण पेपरात निदान एका रकान्यात तरी मोजतो.

माजी विद्यार्थ्यांचं भाषण मला स्वतःला आवडतं. पण ती केस रिपोर्ट असते. जो टिकला तोच बोलायला येतो, आणि टिकण्यामागच्या कारणांत तो स्वतःची मेहनत मोजतो. पुण्यातलं घर, पहिली एमबीबीएस, दोन वर्षं बिनपगारी थांबायची सोय हे मोजत नाही. त्याचा काही दोष नाही. केस रिपोर्टवरून धोरण ठरवू नये, हे आपणच शिकलोय ना?

आता खरा मुद्दा. या सत्रांत पदाची ‘शैक्षणिक अर्हता’ ही ओळ कुणी मोठ्याने वाचत नाही. एमपीएचला अनेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. सूक्ष्मजीवशास्त्र, समाजकार्य, संख्याशास्त्र, नर्सिंग, सगळे एका वर्गात बसतात, आणि तीच या विषयाची गंमत आहे. पण राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिराती काढून बघा. जिल्हा पातळीवरचा साथरोगतज्ज्ञ, सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापक अशा पदांसमोर एक ओळ सारखी भेटते: कोणताही वैद्यकीय पदवीधर, आणि सोबत एमपीएच किंवा एमएचए किंवा आरोग्य विषयातलं एमबीए. म्हणजे तुमची एमपीएच तिथे दुसऱ्या कुलपाची किल्ली आहे. पहिलं कुलूप तुमच्या पदवीवर लागलंय, आणि ते तुम्ही सतराव्या-अठराव्या वर्षीच, नकळत लावून घेतलंय. बीडीएस किंवा बीएएमएस झालेल्या वर्गमित्राला जी जाहिरात खुली आहे, ती बी.एस्सी. झालेल्या मुलीला त्याच एमपीएचवर, कदाचित जास्त गुण असूनही, बंद आहे.

ही अट मुळातच चूक आहे असं मला म्हणायचं नाही. साथीच्या तपासात रुग्ण तपासता येणारा माणूस लागतो, हा युक्तिवाद काही पदांना लागू पडतो. पण आराखडा बनवणं, खर्चाचा हिशेब, आकडेवारी, मनुष्यबळाचं नियोजन या कामांना तो कसा लागू पडतो, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. आणि अट बरोबर असो की चूक, प्रवेश घेण्याआधी ती विद्यार्थ्याला सांगायलाच हवी. दोन वर्षांची फी भरून झाल्यावर जाहिरातीतून ती कळणं हा काही मार्गदर्शनाचा प्रकार नाही.

ही ओळ सगळीकडे मात्र नाही, हेही सत्रात कुणी सांगत नाही. आयसीएमआरच्या प्रकल्पांतलं ‘प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट-१’ हे पद घ्या. त्यात नॉन-मेडिकल असा वेगळा रकानाच असतो, आणि प्रथम श्रेणीची पदव्युत्तर पदवी तिथे चालते. मानधन ५६,००० अधिक घरभाडे भत्ता. मेडिकलला त्याच पातळीवर ६७,०००. फरक खटकतो, पण दार तरी उघडं आहे. डास-हिवतापाच्या कामात कीटकशास्त्रज्ञाचं पद असतं, तिथे प्राणिशास्त्राची एम.एस्सी.च लागते. विज्ञान शाखेतून आलेल्यांनी ही पदं शोधायला हवीत, आणि नेमकी हीच लोगोंच्या स्लाइडवर नसतात.

सत्रात दुसरं एक वाक्य हमखास असतं: ‘भारताला सार्वजनिक आरोग्य तज्ज्ञांची प्रचंड गरज आहे.’ आहेच. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालापासून हे वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं गेलंय. पण इथे एक साधा फरक आहे, जो २०११ मध्ये काव्या शर्मा आणि संजय झोडपे यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ कम्युनिटी मेडिसिन’मधल्या लेखाच्या शीर्षकातच मांडला: गरज आणि मागणी. गरज म्हणजे आरोग्याच्या प्रश्नाला किती माणसं लागतील. मागणी म्हणजे पगार द्यायला तयार असलेल्या कुणीतरी किती पदं मंजूर केलीत. नंदुरबारला कुपोषणावर काम करणारी माणसं हवीत ही गरज; त्यासाठी भरायचं पद आणि त्यामागे तरतूद असेल तर ती मागणी. सत्रात गरज दाखवून मागणी गृहीत धरतात, आणि मूल घरी जाऊन आईबाबांना सांगतं की या क्षेत्रात खूप स्कोप आहे.

मागणी वाढावी म्हणून कागदावर हालचाल झालीय. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सगळ्या राज्यांत सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन संवर्ग असावा असं लिहिलंय, २०२२ मध्ये केंद्राने त्याची मार्गदर्शक तत्त्वंही काढली. पण सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय, त्यामुळे पदं निर्माण करणं राज्याच्या हातात. तामिळनाडूत या कामासाठी स्वतंत्र संचालनालय आहे आणि १९३९ चा कायदा आहे, म्हणून त्यांचं उदाहरण नेहमी दिलं जातं. पण तिथला संवर्गही मुख्यतः डॉक्टरांचाच. म्हणजे आपला बी.एस्सी.वाला तिथेही बाहेरच उभा.

मग पदं आहेत कुठे, आणि त्यांचा पैसा कुणाचा? माझ्या मते सत्राचा अर्धा वेळ यावर जायला हवा.

राष्ट्रीय आरोग्य अभियान २००५ मध्ये ग्रामीण अभियान म्हणून सुरू झालं. महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६०, राज्याचा ४०. राज्य आपला आराखडा, ज्याला सगळे पीआयपी म्हणतात, केंद्राकडे पाठवतं. मंजूर काय झालं ते आरओपी नावाच्या कागदात येतं. हा कागद अभियानाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. कुठली पदं मंजूर आहेत, कुठल्या कार्यक्रमाखाली, हे त्यात दिसतं. जाहिरात निघण्याची वाट बघणाऱ्याने आधी हा वाचावा. कंटाळवाणा आहे, मान्य. पण लिंक्डइनवर ‘एक्सायटेड टू शेअर’ वाचत बसण्यापेक्षा यातून जास्त कळतं.

या पदांच्या जाहिरातीतली भाषाही नीट वाचा. पगार हा शब्द नसतो, ‘एकत्रित मानधन’ असतं. पद ‘निव्वळ कंत्राटी’ असतं, आणि कायम होण्याचा हक्क सांगता येणार नाही हे आधीच लिहून घेतात. करार वर्षाच्या आतला, मग नवा आदेश. दहा वर्षं सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सामावून घ्यायचा निर्णय राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये काढला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी त्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये संपावर जावं लागलं. यावरून असल्या पदात शिरू नका असं मी म्हणणार नाही. जिल्ह्यात केलेलं काम दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही. फक्त पंचविसाव्या वर्षी शिरताना पस्तिसाव्या वर्षीचा प्रश्न माहीत असावा.

स्वयंसेवी संस्थांचंही तसंच. २०२० च्या एफसीआरए दुरुस्तीने परदेशी निधीतला प्रशासकीय खर्च ५० वरून २० टक्क्यांवर आणला आणि एका संस्थेने दुसरीला तो निधी देणं बंद केलं. गावातल्या छोट्या संस्थेतलं पद मोठ्या संस्थेच्या उपअनुदानावर चालत होतं, ते गेलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, जुलैत यूएसएड बंदच झाली. क्षयरोग, एचआयव्हीच्या प्रकल्पांतल्या लोकांचा सीव्ही रातोरात खराब झाला नव्हता, त्यांचं नेटवर्किंगही कमी पडलं नव्हतं. वर्तुळांच्या आकृतीत या गोष्टीला जागाच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ज्युनिअर प्रोफेशनल ऑफिसर योजनेचंही नाव सत्रात येतं. ती पदं देणगीदार देश प्रामुख्याने आपल्याच नागरिकांसाठी पुरस्कृत करतात, हे येत नाही.

मी जुईनगरला राहतो. इथून हार्बरने चौथं स्टेशन गोवंडी. तिथे टीस आहे, एनएफएचएस करणारी आयआयपीएस आहे. उलट दिशेला तिसरं स्टेशन बेलापूर, महापालिकेचं मुख्यालय. आणि ठाण्याच्या गाडीत बसलात तर ऐरोली-रबाळेच्या आयटी पार्कमध्ये फार्माकोव्हिजिलन्स, मेडिकल रायटिंग, क्लिनिकल डेटाचं काम. सार्वजनिक आरोग्य शिकून या तिसऱ्या दिशेला गेलेली माणसं मला गाडीत रोज भेटतात. पण सत्रात त्यांना कुणी बोलावत नाही, कारण ते ‘क्षेत्र सोडून गेले’. माझा याला आक्षेप आहे. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणं हे सार्वजनिक आरोग्य नाही, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? कंपनीसाठी करता म्हणून त्यातल्या मर्यादा जरूर बोला, पण बोला तरी. भाडं भरणाऱ्या मुलांना ही वाट चोरून शोधावी लागू नये.

तुम्ही पुढच्या वर्षी अर्ज करणार असाल तर एक छोटा अभ्यास स्वतःच करा. तीन महिन्यांत दिसतील तेवढ्या, निदान चाळीस जाहिराती जमवा. एका शीटमध्ये नोंदवा: आधीची पदवी कुठली मागितलीय, अनुभव किती, मुदत किती, मानधन, ठिकाण, निधी कुणाचा, जाहिरात आणि मुलाखत यांत दिवस किती. शेवटचा रकाना किरकोळ वाटेल. पण थेट मुलाखतीची जाहिरात पाच दिवस आधी आली आणि मुलाखत गडचिरोलीत असेल, तर तिथे कोण पोहोचू शकतं हेही निवडीचाच भाग आहे. मग स्वतःची पदवी टाकून फिल्टर लावा. उरतील त्या जाहिराती तुमचा छेद. त्या चाळीसपैकी नऊ असतील किंवा पंचवीस. दोन्ही आकडे एमपीएचला प्रवेश घेण्याआधी माहीत असणं बरं.

विभागांनाही हे अवघड नाही. गेल्या पाच बॅचचं एक पान: प्रवेश किती, त्यांत वैद्यकीय आणि इतर किती, दीड वर्षाने कुठे, कशा करारावर, आणि संपर्कच नाही असे किती. ‘अशाने प्रवेश कमी होतील’ असं मला एका ठिकाणी सांगण्यात आलं. होतीलही. पण तोच विभाग विद्यार्थ्याच्या प्रबंधात छेदाशिवाय टक्केवारी आली तर पान परत पाठवतो. पुढच्या सत्रात लोगोंची स्लाइड आली की हात वर करून एवढंच विचारा, ‘सर, हे कितीपैकी?’